मुक्या जिवाचा वियोग

हुबळी येथील आमच्या सभासदांपैकी एका घरी पाळलेला ससा रात्री कोथिंबीर खाऊन निजला, तो सकाळी निष्प्राण आढळला. ‘माझे काय चुकले?’ असे त्या घरच्या बालकाने आम्हांस विचारले. आम्हीही क्षणभर स्तब्ध झालो.

ससा हा हिंस्र प्राण्यांचे भक्ष्य. म्हणून दुखणे लपविणे हा त्याचा उपजत स्वभाव होय. आतड्यांची गती मंदावणे, उष्मा अथवा तीव्र भीती यांमुळे तो अल्पावधीत दगावू शकतो, आणि शवपरीक्षेवाचून कारण कित्येकदा कळत नाही. जे कारण ज्ञात नाही, त्याच्या जागी स्वतःचा अपराध बसवू नये.

तसेच ‘ससाच तो!’ असे म्हणून वडीलधाऱ्यांनी त्या दुःखाची उपेक्षाही करू नये. भागवताच्या पंचम स्कंधातील भरत राजाने नदीत पडलेले हरिणीचे पाडस वाचविले, हे पुण्यकर्मच होते. पुढे त्या पाडसापायी त्याची उपासना सुटली, अंतकाळीही तेच चित्तात राहिले, आणि त्यास मृगजन्म आला. दोष दयेचा नव्हता; ती एकाच जिवापाशी कोंडून ठेवल्याचा होता.

बालकाने परसातील पारिजातकाखाली सशास मूठमाती दिली. ‘उरलेल्या गाजरांचे काय करू?’ असे त्याने पुसले. ‘शेजारच्या गाईस घाल,’ असे आम्ही सांगितले. तो रडत रडतच गेला, परंतु गेला. त्या मुक्या जिवाचा उत्तरविधी तेथेच सांग झाला, असे आम्ही मानतो.