अजून न निघालेल्या विजेचा सौदा

तिरोडीसारख्या मँगनीजच्या गावात आम्हां मंडळींना एक गोष्ट ठाऊक आहे. जमिनीला भोक पाडून पाहण्याचा पैसा आधी जातो, खनिज मागून दिसते. कधी दिसतही नाही. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. पण न सापडलेले खनिज तारीख घालून विकले तर?

अमेरिकेतील हेलियन कंपनीने जवळजवळ हेच केले आहे. सूर्यात हलकी अणुकेंद्रे एकमेकांत मिळतात, तशी ती मिळवून वीज काढायची, हा तिचा उद्योग. २०२३ साली तिने मायक्रोसॉफ्टला २०२८ पासून वीज देण्याचा करार केला. तोवर जगात कोणीही अशी वीज विकलेली नव्हती. २०२२ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात इंधनावर २.०५ मेगाज्यूलचा लेसर टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळाले खरे. (लेसर चालवायला सुमारे ३०० लागले, हे बातमीच्या शेवटी असते.)

आपले डॉ. होमी भाभा यांनीही १९५५ साली जिनीव्हाच्या परिषदेत सांगितले होते की, वीस वर्षांत ही शक्ती ताब्यात घेण्याची रीत सापडेल. तसे घडले नाही. तरी त्यांना आम्ही खोटे म्हणणार नाही. त्यांनी अंदाज सांगितला, विकला नाही.

वचन फसल्यास तोटा कोण सोसतो, हे आम्ही आधी पाहतो. वीज न दिल्यास हेलियनला दंड आहे, असे तिच्या प्रमुखांनी सांगितले आहे. इथवर व्यवहार सरळ वाटतो. परंतु ‘ती वीज येतेच आहे’ म्हणून कोणी आजचा सौरदिवा, आजची तारांची दुरुस्ती लांबणीवर टाकील, तर तो तोटा सही न केलेल्या घरात पडेल. तेथे पोरांचा अभ्यास आज संध्याकाळी आहे.