वडिलांच्या घराचा फोटो

लाँग आयलंडवर राहत होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या गोऱ्या गृहस्थांकडे चहाला गेले होते. सत्तरी ओलांडलेला, मायाळू माणूस. बर्फ पडला की आधी आमच्या दारातला काढणार, मग स्वतःच्या. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता: लेव्हिटटाउन या वसाहतीतलं नवंकोरं घर, बाह्या दुमडलेला तरुण, कडेवर मूल. महायुद्धावरून परतलेला सैनिक. कौतुकाने बघता बघता मी बोलून गेले, “तिथे तेव्हा काळ्यांना घर मिळत नव्हतं ना?”

त्यांनी कप खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “माझे वडील दोन-दोन पाळ्या करायचे. त्यांनी कुणाचं काही लुबाडलं नाही.”

मी तसं म्हटलंच नव्हतं.

अशा बचावाला रॉबिन डीअँजेलो या गोऱ्या अभ्यासक बाईंनी 2011 साली ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ हे नाव दिलं. 2018 मध्ये त्याच नावाचं पुस्तक आलं आणि तो शब्द सर्वतोमुखी झाला. मला तो पुरता पटत नाही. नाकारणं हाच दोषाचा पुरावा ठरवला, तर समोरच्याने बोलायचं काय? खरा पेच मला दुसरीकडे दिसतो. 1963 साली अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅममध्ये समान हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या काळ्या शाळकरी पोरांवर पोलिसांनी कुत्री सोडली, पाण्याचे जोरदार झोत मारले गेले. ते फोटो जगभर गेले, आणि वंशद्वेष्टा म्हणजे कुत्रं सोडणारा तो माणूस, हे चित्र मनात पक्कं बसलं. आपण तसे नाही, म्हणजे आपला संबंध नाही. मग कुणी घराबद्दल विचारलं तरी कानावर पडतं, ‘तुझा बाप वाईट होता.’

प्रश्न मात्र कागदपत्रांचा आहे. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या भाडेकरारातच कलम होतं की गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही. अपवाद फक्त घरगड्यांचा. 1949 मध्ये तिथलं नवं घर 7,990 डॉलरला होतं, आणि कर्जाला सरकारची हमी असल्याने माजी सैनिकाला आधी काही भरावं लागत नसे. काळे सैनिकही त्याच युद्धात लढले होते. 1947 च्या एका पाहणीत मिसिसिपीतल्या 13 शहरांत अशा हमीची 3,229 कर्जं आढळली. त्यांतली काळ्या सैनिकांना मिळालेली किती? दोन. गोऱ्यांच्या घरांच्या किमती वाढत गेल्या, त्यावर मुलांची कॉलेजं झाली. त्या बापाचा घाम खराच होता. पण तो गाळायला पायाखाली जी जमीन मिळाली, ती सगळ्यांना मिळाली नव्हती.

शेजाऱ्यांच्या कानांची ती लाली मी ओळखली, कारण ती माझ्याही कानांवर चढलेली आहे. पुण्यात कॉलेजात असताना दलित मैत्रिणीने विचारलं होतं, “तुमच्याकडे मला नेहमी त्याच कपात चहा का गं?” कोनाड्यात वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप. आजीचा शिरस्ता. मी ताडकन म्हणाले, “आमच्याकडे जातपात कुणी बघत नाही.” ‘गुलामगिरी’ मी तोवर वाचली होती. 1873 साली जोतीरावांनी ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली, हे परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

शेजाऱ्यांना मी त्या कपाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि ती मैत्रीण? ती काय म्हणाली?”

ती काहीच म्हणाली नव्हती. चहा तसाच ठेवून उठली होती.