दमानं घे

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासे धरायला निघायचं, तर आधी तिथी बघतात. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीनला, अष्टमीला सहाला. रोज पाऊण तास पुढे. अमावस्या-पुनवेला उधाण, तेव्हा पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला ओढ कमी. पनवेलच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हा हिशोब कागदावर मांडावा लागत नाही. जवळच पाम बीच रस्त्यावर गाड्या धावतात, बेलापूरची लोकल मिनिटांवर चालते. होडीला मात्र पाणी येईपर्यंत थांबावं लागतं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही आणि कुणी पाण्यावर रागावतही नाही.

जाळ्यांची मासेमारी हा पोटाचा उद्योग. पण हिवाळ्यातल्या सुट्टीच्या सकाळी खाडीकाठी गरी टाकून बसलेले दोन दोस्तही दिसतात. मनात बहुतेक एकच मासा असतो, जिताडा. रायगड-ठाण्याच्या खाड्यांतला हा मानाचा मासा. कांदळवनाच्या मुळांशी किंवा दगडाच्या आडोशाला तो दबा धरतो, आणि जवळून जाणारी कोलंबी किंवा बोय एका झटक्यात गिळतो. थंडीत मात्र त्याची भूक मंदावते. माशाच्या अंगाची ऊब पाण्यावर ठरते. पाणी गारठलं की त्याचं पचन हळू होतं, हालचाल हळू होते. मग लांबच्या भक्ष्यामागे धावणं त्याला परवडत नाही. बघणाऱ्याला तो सुस्त वाटतो, पण जवळ आहे तेवढी ताकद तो जपून वापरत असतो. दोघांतला नवखा इथंच गोंधळतो. मासा लागत नाही म्हणून तो भराभर दोरी ओढतो, पुन्हा फेकतो, जागा बदलतो. शेजारचा जुना दोस्त पाण्यावरची नजर न काढता म्हणतो, “दमानं घे रं. आमिष त्याच्याजवळ राहू दे.”

इंग्लंड-आयर्लंडच्या नद्यांत पाईक नावाचा एक लांबट, दातांचा शिकारी मासा असतो. जिताड्यासारखाच दबा धरणारा. तिथल्या कडाक्याच्या थंडीत गळवाले मेलेला छोटा मासा गळाला लावतात, तो पाण्याच्या तळाशी ठेवून देतात आणि दोघं-दोघं दिवसभर काठावर बसतात. पाणी वेगळं, मासा वेगळा, पण रीत एकच. समोरच्याचा वेग उतरला असेल, तर आपला हात सावकाश करायचा. ही रीत काठावर पटते आणि घरी आलो की विसरते. सकाळी आपली गाडी चुकायची असते आणि वडील चपलेत पाय घालायला वेळ लावतात. मुलगी दुधाच्या कपाकडे नुसती बघत बसते. एखादा मित्र नोकरी गेल्यापासून किंवा घरातलं माणूस गेल्यापासून गप्प झालेला असतो. आपण त्याला फोन करतो आणि एका दमात सांगतो, बाहेर पड, व्यायाम सुरू कर, रविवारी माथेरानला जाऊ, अमक्याला भेट. सगळं प्रेमानंच. तिकडून ‘हं’ येतं. आपल्याला वाटतं, याला कशाचंच काही वाटत नाही. खरं तर त्याला सगळं ऐकू येत असतं. उठून आपल्यापर्यंत यायची ताकद तेवढी त्या दिवशी नसते.

अशा माणसापाशी आपला वेग उतरवणं ही रोज जमण्यासारखी सवय आहे. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. वडिलांच्या शेजारी त्यांच्या चालीनं जिन्याच्या चार पायऱ्या उतरायच्या. मुलीला “आवर ना!” म्हणण्याआधी तिच्या बाजूला बसून आपला चहा संपवायचा. मित्राला लिहायचं, “आज बाजारात छान बोंबील आले होते, तुझी आठवण झाली.” बस, एवढंच. उत्तर मागायचं नाही. दोन दिवसांनी असंच आणखी एखादं. जिताड्याची आणि माणसाची बरोबरी मात्र इथं संपते. खाडीवरच्या थांबण्याला शेवटी गळ असतो, मासा हाती यावा ही इच्छा असते. घरातल्या थांबण्यात काहीच ओढून काढायचं नसतं. मित्र बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तरी आपला निरोप वाया गेला असं धरायचं नाही. कुणीतरी आपल्या चालीनं सोबत आहे, एवढं कळलं तरी माणसाला धीर येतो. तो धीर आपण घाईघाईत देऊ शकत नाही, कारण घाई दिसली की समोरच्याला आपण ओझं झालो असं वाटू लागतं. म्हणून आज घरातल्या, कचेरीतल्या किंवा फोनवरच्या एका माणसाशी एवढं करून बघा. त्याला काही विचारलंत, तर त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत दुसरा प्रश्न विचारू नका आणि सल्लाही देऊ नका. उत्तराला वेळ लागला तर लागू द्या.