पाऊस मोजणारा वर्ग

हवामानबदल शिकवायचा म्हटलं की पहिलं समोर येतं ते ध्रुवीय अस्वल. मग वितळणारा बर्फ, मग कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएमवरून 420च्या पुढे गेल्याचा आलेख. सगळं खरं आहे. पण बीडकडच्या एखाद्या शाळेत हिवाळ्यात हा धडा चालू असतो, तेव्हा वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडात असतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच परततात. पावसाची लहर ज्यांनी सोसली, नेमकी तीच मुलं या धड्याला गैरहजर. हवामान आणि समावेशन हे दोन वेगळे विषय मानून चालणारच नाही.

पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं. तेव्हापासून कितीतरी प्रकल्पवह्या चित्रं चिकटवण्यातच भरल्या. त्यापेक्षा सरळ भिंतींची, सपाट बुडाची एक बरणी उघड्यावर ठेवावी. तिच्यात 10 मिलिमीटर पाणी साठलं, तर 100 चौरस मीटरच्या छपरावर 1000 लिटर पडलं, हे पाचवीतलं पोर गुणाकाराने काढतं. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. पीकनुकसानीचा पंचनामा म्हणजे काय, हे त्याला घरातून ठाऊक असतंच, आता त्यामागचा आकडा कळतो. बुचात खाचा पाडलेली काडी खोचून ती बरणीत तरंगू दिली, की दृष्टिहीन मुलगीही बोटांनी पाऊस मोजते. तीच काडी सगळ्या वर्गाने वापरावी, तिच्यासाठी निराळी नको.

मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही, हेही शिक्षकाने स्पष्ट सांगावं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याला पाऊस कमी पडणं हे एक कारण होतं, आपण पाणी कसं वापरतो हे दुसरं. एका सालावरून हवामान बदललं असं ठरत नाही, त्याला तीसेक वर्षांच्या नोंदी लागतात. म्हणून वर्गाने पावसाच्या रोजच्या नोंदींची वही ठेवावी, आणि ती वर्षामागून वर्ष पुढच्या वर्गाकडे गेली पाहिजे.

फडावरून आलेल्या मुलाला उभं करून त्याच्या हालांची कहाणी वदवून घेणं मला क्रूर वाटतं. त्याला माहिती विचारावी. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, थंडी कधी झोंबते, अवकाळी आला की तोडणी किती दिवस थांबते, बैलांना पाणी कुठून आणतात? बंजारा तांड्यावरचं पोर गोरमाटी बोलीत सांगत असेल तर तसंच सांगू द्यावं. हंगामी वसतिगृहात राहून शिकण्याचा त्याचा हक्क आधी, पण जावंच लागलं तर बरोबर तापमापक आणि वही द्यावी. सांगली-कोल्हापूरच्या फडातले पहाटेचे आकडे फोनवर कळले, की गावच्या आकड्यांशेजारी ते मांडता येतात.

यात पैसा फारसा लागत नाही, शिक्षकाचा वेळ लागतो, आणि तो आज माहिती भरण्यात जातो. शिक्षण विभागाने नवे साहित्यसंच छापण्याआधी आठवड्यातली एक तासिका या वहीसाठी राखावी आणि फडातून आलेली नोंद त्या मुलाच्या मूल्यमापनात धरावी.