ऐकणे आणि पारखणे

देव बोलतो आणि माणसाने ते ऐकायचे असते, हे ख्रिस्ती श्रद्धेचे पायाभूत गृहीत आहे. तो कसा बोलतो, याची उत्तरे मात्र या परंपरेत अनेक आहेत. शास्त्रलेखातून, प्रवचनातून, सदसद्विवेकातून, मंडळीने मिळून घेतलेल्या निर्णयातून, गरिबाच्या हाकेतून, क्वचित प्रत्यक्ष आवाजातून. यांपैकी खरे कोणते, यावर पंथापंथांत पुष्कळ वाद झाले. तरी दोन हजार वर्षांच्या इतिहासात देवाचे ऐकू आले असा दावा करणाऱ्यांची ख्रिस्ती समाजाला कधी वाण पडली नाही. अडचण नेहमी आली ती दावा पारखण्याची. या विषयावरचे उत्तम ख्रिस्ती लेखन म्हणूनच बहुतांशी पारखण्याविषयीचे लेखन आहे.

शमुवेलाची गोष्ट संडे स्कूलमध्ये आज्ञाधारक मुलाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मूळ कथा त्याहून बरीच तिखट आहे. शिलोच्या मंदिरात झोपलेल्या मुलाला रात्री तीनदा हाक येते आणि तिन्ही वेळा तो उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतो. ही हाक देवाची असावी हे ओळखतो तो एली. ज्याची दृष्टी अधू झाली आहे आणि ज्याचे मुलगे देवाच्या अर्पणावर डल्ला मारतात तो. चौथ्या हाकेला शमुवेल ओ देतो, तेव्हा मिळणारा निरोप एलीच्याच घराण्याच्या नाशाचा असतो. सकाळी एली तो त्याच्याकडून जसाच्या तसा वदवून घेतो. ज्याला ऐकू आले त्याला ओळखता आले नाही, आणि ज्याने ओळखले त्याच्याच ते विरोधात गेले. एकट्याच्या कानावर विसंबता येत नाही, हा धडा बायबलने इतक्या आरंभीच दिला आहे.

नव्या करारात ही सावधगिरी वाढते. अरण्यात येशूला भुलवू पाहणारा सैतान मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगतो तो ९१ व्या स्तोत्राचा आधार देऊन. शास्त्रातले वचन तोंडी असणे ही सत्याची खूण नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगणार? पौल करिंथच्या मंडळीला सांगतो की संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी. थेस्सलनीकाकरांना तो संदेश धुडकावू नका असेही बजावतो आणि सगळे तपासून घ्या असेही. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करण्याचा सल्ला आहे. दुसऱ्या शतकात फ्रिगिया प्रांतात मोंटानस आणि त्याच्याबरोबरच्या प्रिस्किला व माक्सिमिला या संदेष्ट्यांनी थेट पवित्र आत्म्याच्या नावाने बोलायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न साऱ्या चर्चपुढे आला. चर्चने त्यांना नाकारले. पण तर्तुल्लियनसारखा कडवा बुद्धिमान लेखक त्यांच्या बाजूला गेला, यावरून त्या आवाजाची ओढ किती होती हे कळते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संन्याशांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांचा आद्य पुरुष अंतोनी याला बोलावणे आले ते चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानातून. सर्वस्व विकून गरिबांना दे, हे श्रीमंत तरुणाला उद्देशून असलेले वचन त्याने स्वतःला लावून घेतले. अशा निर्धाराच्या माणसांमध्येच भ्रमाचे प्रमाणही मोठे असते, हे त्या वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. तिथल्या संवादांवर आधारित ग्रंथ योहान कासियानने पुढे लॅटिनमध्ये लिहिला. त्यात हेरोन नावाच्या वृद्धाची हकीकत येते. पन्नास वर्षे कडक तप केलेला हा माणूस इतरांबरोबर सणाच्या भोजनालाही बसत नसे. एका देवदूताच्या सांगण्यावरून, आपल्या पुण्याईने इजा होणार नाही या खात्रीने, त्याने विहिरीत उडी टाकली. बाहेर काढल्यावर तिसऱ्या दिवशी तो मेला, आणि शेवटपर्यंत त्याला आपली फसगत पटली नाही. दुसऱ्या एकाला अब्राहामासारखे पुत्रार्पण करण्याची आज्ञा ऐकू आली. त्याचा मुलगा मठातच राहत होता. बाप कधी नव्हे ते सुरीला धार लावतो आहे हे पाहून तो पळाला, म्हणून वाचला. या हकीकती ज्या प्रकरणात येतात त्याचा विषय विवेक हा आहे. उपास, जागरण, दारिद्र्य या सर्वांहून विवेक वरचढ, आणि तो मिळवण्याचा मार्ग एकच: मनात आलेला प्रत्येक विचार वडीलधाऱ्यापुढे उघड करणे. हेरोनने नेमके तेच टाळले होते. सहाव्या शतकात संत बेनेदिक्तने मठांसाठी नियम लिहिले ते ऐकण्याच्या आज्ञेनेच सुरू होतात, आणि महत्त्वाच्या निर्णयापूर्वी मठाधिपतीने साऱ्या मठवासीयांना बोलवावे असे सांगतात. कारण उत्तम सल्ला देव पुष्कळदा धाकट्याच्या तोंडून देतो.

पारखण्याला रीतसर शास्त्राचे रूप दिले ते इग्नाती लोयोलाने. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना शौर्यकथा हव्या होत्या, मिळाले ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. कधी तो दरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगवी, कधी संतांसारखे जगण्याची. रमताना दोन्ही गोड वाटत. पण पहिल्यानंतर मन कोरडे पडे आणि दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिके. विचाराची परीक्षा तो मागे काय ठेवून जातो यावरून करावी, हे सूत्र त्याला इथे सापडले. ते अंगी मुरायला वेळ लागला. पुढच्याच वर्षी मोंसेरातच्या वाटेवर एका मुसलमान सहप्रवाशाने मरियेच्या कौमार्याबद्दल शंका काढली. तो पुढे निघून गेल्यावर त्याला गाठून खंजीर खुपसावा की काय, असे इग्नातीच्या मनात घोळू लागले. निर्णय होईना, तेव्हा त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. ते त्या माणसाच्या गावाकडे वळले तर मारायचे, नाहीतर नाही. खेचराने हमरस्ता धरला. ही कथा इग्नातीने उतारवयात स्वतःच सांगितली आहे. श्रद्धेचा जोर आणि विवेकाचा अभाव एकत्र आले की देवाची इच्छा जनावराच्या पायांवर सोपवली जाते, हे त्यात उघडच आहे.

१५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने छापल्या गेलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात खेचराला जागा नाही. सुमारे तीस दिवसांच्या त्या साधनेत निर्णयाची पद्धत बारकाईने आखलेली आहे. मन उदास आणि अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत, कारण फसवणारा आत्माही उजेडाचे रूप घेऊन येतो. मन शांत असेल तर दोन्ही बाजूंची कारणे मांडावीत. आपल्याच पेचात सापडलेल्या अनोळखी माणसाला आपण काय सल्ला दिला असता, आणि मरणाच्या क्षणी आपल्याला कोणता निर्णय घेतलेला आवडेल, हे स्वतःला विचारावे. यात चमत्काराला फारसा वाव नाही. इग्नातीच्याच स्पेनमधली आविलाची तेरेसा हिला आवाज ऐकू येत आणि दर्शने होत. तरी तीही सांगते की शास्त्राशी न जुळणारा आवाज टाकून द्यावा, आणि खऱ्या शब्दाने मागे शांती आणि बळ राहते.

धर्मसुधारणेने वादाची जागा बदलली. लूथरने पोपच्या अधिकाराऐवजी शास्त्रलेख पुढे ठेवला. थॉमस म्युन्त्सर म्हणू लागला की आत्मा हृदयात बोलल्याशिवाय लिखित शब्द मुका आहे. म्युन्त्सरच्या मागे गेलेले शेतकरी १५२५ मध्ये फ्रांकेनहाउझेनला कापले गेले, आणि आतल्या आवाजाविषयी प्रोटेस्टंट मनात कायमचा धसका बसला. तो धसका खोटा नसला तरी एकांगी आहे, हे क्वेकर मंडळींकडे पाहून कळते. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सने सुरू केलेल्या या पंथाच्या पारंपरिक उपासनेत पाळक नाही, ठरलेली प्रार्थना नाही; सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोलतो. कामकाजाच्या सभेतही मतदान होत नाही. सभेचा कल एक होईपर्यंत थांबले जाते. पद्धत अतिशय संथ आहे. जॉन वुलमनने तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहून दिले आणि ते त्याच्या मनाला लागून राहिले. पुढे तो क्वेकर गुलाममालकांच्या घरोघर फिरला, आणि जिथे गुलामांनी त्याची सेवा केली तिथे त्यांना मोबदला देऊ लागला. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध पाऊल उचलले. गुलाम बाळगण्यालाच बंदी व्हायला १७७६ उजाडले. एका माणसाची टोचणी संपूर्ण सभेची व्हायला इतका काळ गेला, आणि तेवढा काळ गुलाम गुलामच राहिले, हेही नोंदवले पाहिजे.

बाहेरच्या घटनेतच देवाचा आवाज ऐकण्याचा, उलट दिशेचा धोका विसाव्या शतकात जर्मनीत दिसला. हिटलरचा उदय म्हणजेच देवाचे बोलणे आहे, असे ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणारा गट सांगत होता. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या प्रोटेस्टंट प्रतिनिधींनी जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात बजावले की ऐकण्याजोगा शब्द येशू ख्रिस्त हा एकच. त्याशेजारी दुसरी घटना, सत्ता किंवा व्यक्ती देवाचे प्रकटीकरण म्हणून मानता येणार नाही. मसुदा मुख्यतः कार्ल बार्थचा होता. ऐकण्याची शिस्त राजकारणात कशी उतरते, याचे यापेक्षा नेमके उदाहरण सापडणे कठीण. अर्थात त्या मसुद्यात ज्यूंच्या छळाबद्दल एक शब्दही नव्हता.

ऐकल्यानंतर येते ते श्रद्धेला अग्रक्रम देणे. आईबापांहून माझ्यावर अधिक प्रेम करा, आधी देवाचे राज्य शोधा, ही येशूची मागणी कठोर आहे आणि तिला गुळगुळीत करणारी प्रवचने तिच्यावर अन्याय करतात. पण त्याच येशूने ‘कुर्बान’ म्हणून संपत्ती देवाच्या नावे करून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना ढोंगी ठरवले. म्हणून अग्रक्रमाच्या दाव्याला एक प्रश्न विचारावाच लागतो: त्याची किंमत कोण मोजतो आहे? मराठीत या प्रश्नाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतके सडेतोड उत्तर नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधला ताटातुटीचा काळ पतीच्या चरित्रात श्रद्धेचा विजय ठरला असता. पत्नीच्या लेखणीतून तो नातेवाइकांच्या आश्रयाने, रडत आणि हसत काढलेला काळ म्हणून येतो. लक्ष्मीबाईही शेवटी ख्रिस्ती झाल्या, पण पतीच्या मागे फरफटत नव्हे, स्वतःच्या वाटेने आणि स्वतःच्या वेळी. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. तेव्हाही संसाराची चिंता घरात कुणालातरी करावी लागलीच.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ही किंमत मोजणारी व्यक्ती त्या स्वतःच होत्या. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर तिथल्याच सिस्टर जेराल्डीनशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट केले की त्या ख्रिस्ताच्या आहेत, पण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाहीत. त्रैक्यासारखा सिद्धांतही पटल्याशिवाय कबूल करणार नाहीत. इंग्लंडात त्यांना हट्टी ठरवले गेले. इकडे परतल्यावर पुण्यात त्यांच्याच शारदा सदन या संस्थेतील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले. मुलींना सक्ती नव्हती, पण दार बंद करून प्रार्थना करणे रमाबाईंना मान्य नव्हते. पुढे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले. कुणाकडे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथांना सांभाळल्याची म्युलरची ख्याती होती (त्याचे छापील वार्षिक अहवाल दूरवर पोहोचत, ही गोष्ट वेगळी). १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. केडगावचे ‘मुक्ती’ हे त्यांचे आश्रयस्थान त्यातून वाढले. १९०५ मध्ये तिथे मुलींच्या प्रार्थनेला उधाण आले: रडणे, मोठ्याने एकत्र प्रार्थना, अनोळखी भाषा. परदेशी टीकाकारांना हा गोंधळ रुचला नाही. मुलींनी आपल्या रीतीने देवाला हाक मारावी, म्हणून रमाबाईंनी तो बंद केला नाही. शेती, विणकाम, छापखाना आणि बायबलचे मराठी भाषांतरही चालूच राहिले.

शेवटी राहतो तो काहीच ऐकू न येण्याचा प्रश्न, ज्याबद्दल भक्तिपर पुस्तके सहसा घाईने बोलतात. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत मदर तेरेसा यांना गरिबांमध्ये जाण्याची हाक आली. त्यांनी ती आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना आणि कलकत्त्याच्या आर्चबिशपांना सांगितली. आर्चबिशपांनी घाई केली नाही, आणि मठ सोडून साडी नेसून त्या बाहेर पडल्या तो ऑगस्ट १९४८. काम सुरू झाले आणि आवाज थांबला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे, एका छोट्या खंडाचा अपवाद सोडता, प्रार्थनेत त्यांना पोकळीच जाणवत राहिली. याबद्दलची आपली पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची वारंवार विनंती होती. ती मानली गेली नाही. पत्रे मार्गदर्शकांकडे राहिली, संतपदाच्या चौकशीत तपासली गेली आणि २००७ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. नऊ वर्षांनी चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले, तेव्हा ते मौनही चौकशीच्या कागदपत्रांत होते.