तोच हा ट्रॅक्टर?



गळा बसल्यामुळे कीर्तन सोडून मला सहा वर्षे झाली. नारदाच्या गादीवर उभा होतो तेव्हा पूर्वपक्षही मीच मांडायचा आणि सिद्धान्तही मीच करायचा. "महाराज, हे पटले नाही" असे म्हणायला मध्येच कोणी उठत नसे. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला ती सोय नाही. गेल्या वर्षी घरच्याच माणसांनी मला एका प्रश्नात पंच केले आणि त्यात माझे चुकले. ते सांगतो.

माझ्या चुलतभावाने १९७४ साली इंटरनॅशनल बी-२७५ घेतला. तांबडा रंग, चार सिलिंडर, पस्तीस अश्वशक्ती. आमच्या गावातला तो पहिलाच ट्रॅक्टर. विठोबाच्या देवळापुढे नारळ फोडून तो चारचौघांत बोलला की, यापुढे आषाढीला आपल्या दिंडीचे तंबू आणि भांडी हाच ट्रॅक्टर नेईल. तोवर ते सामान बैलगाडीतून जाई. बोलला तसा तो वागला. पुढे तो वारला, मुलांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, विहीर आणि ट्रॅक्टर सामाईक राहिले. दिंडीचे सामान जातच राहिले. गुडघे गेल्यापासून त्या सामानावर मीही बसून जात होतो.

मग इंजिन थकले. धूर टाकी, तेल पिई, शेवटी आतून ठोके येऊ लागले. थोरला पुतण्या म्हणाला, भंगारात घालू. धाकट्याने ऐकले नाही. त्याने मिस्त्री आणला आणि लिंबाखाली काम काढले. मला दुसरा उद्योग नव्हता. खाट टाकून दहा-बारा दिवस बघत बसलो.

पाहण्यासारखे काम होते. आधी पत्रा आणि रेडिएटर काढला. मग ट्रॅक्टर मधून सोडवला, मागचा धड ठोकळ्यांवर टेकवला आणि तीन बल्ल्यांची घोडी करून चेनब्लॉकने इंजिन उचलले. हेड उतरले, खालची तेलाची परात उतरली, पिस्टन एकेक करून वर आले. मिस्त्री फार बोलत नव्हता. पण कनेक्टिंग रॉडची प्रत्येक टोपी तो तिच्याच रॉडला लावून ठेवी. टोपीवर आणि रॉडवर पंचाने ठिपके मारलेले: एकाला एक, दोनाला दोन. मी विचारले, "सारख्याच तर दिसतात, इकडची तिकडे लावली तर?" तो म्हणाला, "दिसतात सारख्या. जोडी लावून एकदम भोक पाडलेलं असतं. अदलाबदल केली की गोल राहत नाही." व्हॉल्व्हचेही तसेच. ज्याच्या त्याच्या बैठकीवर पेस्ट लावून ते त्याने घासले आणि नंबराप्रमाणे फळीवर मांडून ठेवले. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केट नवे आले. क्रँक तेवढा जुनाच. तालुक्याला नेऊन ग्राइंड करून आणला. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झाले तेव्हा धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होते.

आठच दिवसांनी थोरला आला आणि म्हणाला, "माझी पाळी कधी?"

धाकटा म्हणाला, "कसली पाळी? तुमचा ट्रॅक्टर भंगारवाल्याने नेला. हा माझा आहे. सगळं सामान माझ्या पैशाचं." आणि रागाच्या भरात पुढेही बोलला, "दिंडीचा शब्द वडिलांनी दिला होता, त्या ट्रॅक्टरचा दिला होता. तोही संपला."

दोघे माझ्याकडे आले. प्रश्न लहान नाही, सज्जनहो. नैय्यायिक म्हणतात, वस्त्रातला एक तंतू काढला तरी पहिले वस्त्र नष्ट होते आणि उरते ते दुसरेच, खंडपट. मग आपण 'तेच' कसे म्हणतो? सारखेपणामुळे. कापलेले केस पुन्हा वाढले की 'तेच केस' म्हणतो, तसे. नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथाचा आस, चाके, जू एकेक विचारून, यांतला रथ कोणता, असे पेचात धरले होते. उलट वेदान्ती 'सोऽयं देवदत्तः' हा दाखला देतात: तेव्हा तिथे पाहिलेला आणि आता इथे दिसणारा, यांतले 'तेव्हा' आणि 'आता' टाकून द्या, देवदत्त एकच आहे. मी हा शेवटचा दाखला धरला. वर विनोदही केला: माझ्या डोळ्यात विकतचे भिंग आहे, दात तर सगळेच विकतचे, पण सावकार मला नवा माणूस समजून सोडत नाही! लोक हसले. मी निवाडा दिला: ट्रॅक्टर तोच, सामाईकी तीच, दिंडीचा शब्द तोच. धाकटा काही न बोलता उठून गेला.

रात्री झोप आली नाही. मला खंडपट पाठ होता, तरी देवदत्तच का आठवला? कारण त्या ट्रॉलीत माझी जागा होती. हे मी कोणाला सांगितले नव्हते. मलाही तोवर सांगितले नव्हते. आयुष्यभर मी शास्त्राचे दाखले दिले. त्यांतले किती स्वतःची बैठक राखण्यासाठी दिले, याचा हिशोब त्या रात्री मांडू लागलो आणि अर्ध्यावर सोडून दिला.

सकाळी मिस्त्री राहिलेली हत्यारे न्यायला आला. बाजूला एक जुने बेअरिंग पडले होते. मी सहज विचारले, नव्यात आणि यात फरक काय? तो म्हणाला, "नवं जाड आहे. क्रँकची मान घासून अंडाकृती झाली होती. गोल करायला दहा उतरवली, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले दहा. तेवढंच जाड बेअरिंग घ्यावं लागतं."

"मग हे नवे बेअरिंग कोऱ्या क्रँकला बसेल?"

"नाही महाराज. जाम होईल. ते या झिजेच्या मापाचं आहे."

मी दोघांना पुन्हा बोलावले. आधी सांगितले की कालचा निवाडा मागे घेतो, कारण त्या ट्रॉलीत मी बसतो आणि ज्याचा लाभ त्यात आहे त्याने पंच होऊ नये. मग फक्त बेअरिंगची गोष्ट सांगितली. ती झीज बापाच्या नांगरटीची, दोघांच्या उसाच्या खेपांची आणि दिंडीच्या सामानाचीही. धाकट्याने पैसे नवे घातले हे खरे, पण माप जुन्याकडूनच घेतले. त्याला कोरे हवे असते तर कोरे घेता आले असते. आणि थोरल्याला सांगितले, अर्धा ट्रॅक्टर तुझा असेल तर अर्धी झीजही तुझी. ती भरून निघाली त्याच्या पैशाने. खर्च न देता पाळी मागतोस ती कुठल्या तोंडाने?

दोन तास भांडले. शिव्याही झाल्या, त्या इथे लिहीत नाही. शेवटी उसाचे बिल आल्यावर निम्मा खर्च देईन, असे थोरला म्हणाला, आणि दिलाही. दिंडीबद्दल धाकटा लगेच काही बोलला नाही. ज्येष्ठात एकदा ओट्यापाशी येऊन म्हणाला, "अण्णा, सामान नेतो. पण मिस्त्रीनं सांगितलंय, पहिले पन्नास तास ओझं हलकं ठेवायचं. यंदा माणसं बसवणार नाही."

मी एसटीने पंढरपूरला गेलो. वाळवंटाच्या अलीकडे दिंडीचा तंबू सापडला. ट्रॅक्टरच्या नाकावर कोणीतरी बुक्का लावला होता. धाकटा इंजिनाला कान लावून बसला होता. मला पाहून त्याने बोटाने खूण केली, जरा थांबा.