धर्मशाळेतले चौघे

एका रात्री एका धर्मशाळेत चार वाटसरू उतरले. धर्मशाळा कल्पनेतली आहे, चौघांचे काळही वेगवेगळे आहेत. पण त्यांच्यावर जे गुदरलं ते खरं आहे आणि न्यायालयाच्या निकालपत्रांत नोंदलेलं आहे. चौघांचंही नुकसान सरकारच्या माणसांनी केलं होतं. ओसरीवर एक वकीलही मुक्कामाला होता. भाकरी खाऊन झाल्यावर बोलणं निघालं.

पहिला होता गाडीवान. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतून तो मालकाची घोडागाडी हाकत चालला होता. गोदी सरकारी. तिथले मजूर लोखंडाचा एक जड भाग उचलून नेत होते. गाडी जवळ येताच त्यांनी तो धाडकन खाली टाकला. घोडा बुजला आणि जायबंदी झाला. मालक म्हणजे पी. अँड ओ. ही आगबोट कंपनी. तिने 350 रुपयांचा दावा लावला आणि 1861 साली तो जिंकला.

दुसरी होती उदयपूरची एक विधवा, कडेवर लहान मुलगी. 1952 साली कलेक्टरांची जीप दुरुस्तीहून परत येत होती. चालकाने बेफिकिरीने हाकली आणि रस्त्याच्या कडेने चाललेल्या तिच्या नवऱ्याला उडवलं. तो दवाखान्यात वारला. राजस्थान सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं, पण 1962 साली 15 हजार रुपये द्यायचा हुकूम कायम झाला.

हे ऐकून तिसरा अस्वस्थ झाला. तो अमृतसरचा सराफ होता.

"बाई, तुमचं दुःख माझ्याहून मोठं आहे," तो म्हणाला, "पण तुम्हाला न्याय मिळाला. माझी कथा ऐका."

1947 चा सप्टेंबर. फाळणीचे दिवस. सराफ सोनंचांदी विकायला मध्यरात्री मेरठला उतरला. बाजारातून जाताना पोलिसांनी त्याला धरलं, झडती घेतली आणि 103 तोळे 6 मासे 1 गुंज सोनं व दोन मणांहून जास्त चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. पुढे चांदी परत मिळाली. सोनं मात्र मिळालं नाही, कारण ते ज्याच्या ताब्यात होतं तो मुद्देमालाचा हवालदारच ते घेऊन पाकिस्तानात पसार झाला होता.

सराफाने सोनं किंवा त्याची किंमत मागितली. रक्कम 11 हजारांच्या वर होती. खालच्या कोर्टात तो जिंकला, हायकोर्टात हरला. 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुद्देमाल सांभाळण्यात पोलिसांनी हयगय केली हे न्यायालयाने मान्य केलं, तरी भरपाई नाकारली.

"का?" गाडीवानाने विचारलं.

उत्तर वकिलाने दिलं. "गोदी चालवणं हा धंदा आहे, कुणीही व्यापारी तो करू शकतो. तिथे सरकार चुकलं तर सामान्य माणसासारखं भरून देतं. जीप दुरुस्तीला नेणं हेही तसंच. पण माणसाला अटक करणं, माल जप्त करणं हे राज्य करण्याचं काम. त्याला सार्वभौम कार्य म्हणतात. ते करताना नोकर चुकला तर तिजोरीला हात लावता येत नाही, असा नियम त्या कलकत्त्याच्या घोड्यापासून चालत आला."

"म्हणजे तीच जीप दंगल मोडायला चालली असती तर?" बाईने विचारलं.

"तर कदाचित तुम्हाला काहीच मिळालं नसतं."

"जीप कुठून कुठे चालली होती, हे माझ्या माणसाला काय ठाऊक? मार तर तेवढाच बसला असता."

या गोष्टीचा बोध मला बाईच्या या बोलण्यात दिसतो: भरपाई जखमेच्या मापाने ठरावी, जखम करणाऱ्याच्या पदाने नव्हे. वकिलाच्या बाजूनेही एक खरं कारण आहे, ते त्याने मांडलं. तिजोरी सरकारच्या बापाची नसते, ती लोकांच्या करातून भरते. प्रत्येक चुकीसाठी ती उघडी ठेवली तर शाळा, पाणी, रस्ते यांसाठी काय उरणार? म्हणून मर्यादा घालतात. सराफाने यावर जे उत्तर दिलं ते मला पटतं. "वकीलसाहेब, 11 हजारांचा बोजा साऱ्या प्रांतावर वाटला असता तर कुणाला जाणवलाही नसता. तो माझ्या एकट्यावर टाकला. पोलीस सगळ्यांसाठी असतात ना? मग त्यांच्या चुकीची किंमत एकट्याने का मोजायची?"

सराफाच्या खटल्याचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते पी. बी. गजेंद्रगडकर, आपल्या साताऱ्याचे. कायद्याने हात बांधले असं त्यांना वाटलं, पण मन मानत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. कायद्याच्या प्रक्रियेने ज्याचा माल जप्त झाला, त्याला राज्याकडे काही मागता येत नाही असं सांगावं लागतं, या विचाराने आम्ही अस्वस्थ आहोत, अशा अर्थाचं त्यांनी निकालातच नोंदवलं आणि याचा विचार करून कायदा करा, असं विधिमंडळांना सुचवलं. इंग्लंडने असा कायदा 1947 सालीच केला होता. राजाच्या हातून चूक होतच नाही ही कल्पना ज्या देशात वाढली, त्याने ती सोडली. आणि त्याच साली मेरठमध्ये सोनं गेलं. आपल्याकडे सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 1956 सालीच पहिल्या अहवालात हाच विषय घेतला होता. 1967 मध्ये लोकसभेत विधेयकही आलं. कायदा मात्र झाला नाही. मला याचा राग येतो. चूक कुणाची हे ठाऊक असून, उपाय लिहून ठेवलेला असून, तो बाजूला पडू देणं हीसुद्धा हयगयच.

चौथा इतका वेळ गप्प होता. तो बिहारचा. 1968 साली कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं होतं, तरी तुरुंगातून तो बाहेर आला 1982 साली. कायद्याने मोकळा झालेला माणूस 14 वर्षं कोंडून राहिला. 1983 मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरकारला भरपाई द्यायला लावली. मूलभूत हक्क मोडला तर नुसतं सोडून देणं पुरेसं नाही, पैसेही द्यावे लागतील, असं ठरवणारा तो मोठा निकाल. सरकारच्या ढालीला तिथे भोक पडलं.

"किती मिळाले?" सराफाने विचारलं.

"35 हजार."

गाडीवानाने बोटांवर हिशेब केला. दिवसाला 7 रुपयेही होत नव्हते.

"पण दादा, ती रक्कम शेवटची नव्हे," वकील सरसावून बसला. "न्यायालयाने तिला तात्पुरता दिलासाच मानलंय. पुऱ्या नुकसानीसाठी दिवाणी दाव्याची वाट तुम्हाला मोकळी ठेवलीय. आणि शेटजी, तुमच्यासारख्यांनाही पुढे आधार मिळाला. आंध्रात जप्त केलेलं खत सरकारी ताब्यात खराब झालं, तेव्हा 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. तुमच्या खटल्यातला नियम तिथे चालला नाही."

सराफ काही बोलला नाही. चौथ्याने विचारलं, "दाव्याला काय लागतं?"

"सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. नाव, पत्ता, काय घडलं, काय मागता, सगळं त्यात हवं."

बाईने मुलीला सराफाजवळ बसवलं आणि कंदिलाची वात मोठी केली. वकिलाने कागद पुढे ओढला आणि चौथ्याला विचारलं, "सुटकेचा हुकूम कोणत्या तारखेचा? तिथून सुरू करू."